ताक आधी वाढल्याची हकीकत

कल्याण, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०४

तीर्थरूप मामांच्या पायांवर भाचा गोपीनाथ याचे डोके. मामींच्या गुडघ्यांस उतार पडला असेलच. तेल पाठवले होते ते लावतात की नुसते फडताळात जपून ठेवतात, हे कळवावे. इकडे मी खुशाल. खुशाल कसला, आज छाती पुढे काढून हिंडतो आहे!

तुम्ही लिहिलेत की निफाडचे गृहस्थ मुलीसाठी माझा विचार करताहेत, पण मुलगा खाणावळीत वाढपी म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडले आणि ठाण्यास येऊन तुमच्या तोंडून ऐकून मग काय ते ठरवू म्हणाले. (मुरबाडकर तर गेल्या साली वाढपी हा शब्द ऐकताच पानसुपारीही न घेता उठले होते. ते मी विसरलेलो नाही.) तेव्हा ते आले की आजची हकीकत त्यांस अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवा. मुलगी दिली नाही तर मी नाव बदलेन.

नाशकाकडची गाडी इथे अर्धा तास थांबते, आणि तेवढ्यात उतारूंना धावत आमच्या सहदेवभटांच्या खाणावळीत येऊन, हातपाय धुऊन, जेवून परत जायचे असते. आज बावीस पाने होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, वर तुपाची धार, सारे मी एका दमात वाढले. एक शीत पानाबाहेर नाही! (सहदेवभट स्तुती करीत नाहीत, पण आज खोकले नाहीत.) सगळे झपाझप जेवत होते. पण पंक्तीच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ बसले होते, ते एकेक घास असा चावीत होते की जणू त्याची साक्ष घेताहेत. बुंदीचा लाडू तर त्यांनी कळी कळी करून खाल्ला, आणि मग दुसरा मागितला. तिकडे पहिली घंटा झाली. आता तुम्हांस ठाऊकच आहे, पंक्तीतला वडीलधारा उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचे नाही. एकवीस माणसे रिकाम्या पानांपुढे हात वाळवीत बसली, दाराकडे बघताहेत, पण उठेल कोण? एका मास्तरांच्या डोळ्यांत तर पाणी आले.

उठा हो आजोबा, असे वाढप्याने म्हणावे काय? छे! मी स्वयंपाकघरात गेलो, ताकाचे भांडे उचलले, आणि त्यांचा दुसरा लाडू हाती असतानाच त्यांच्या भातावर ताक ओतले. ताक आले की जेवण संपले! त्यांनी माझ्याकडे पाहिले. काय पाहिले म्हणता! पण रीत ती रीत. निमूट ताकभात संपवला आणि उठले. मागोमाग एकवीसच्या एकवीस सुटले. आजोबा हात धुवायला थांबतात असे दिसताच मी तांब्या घेऊन बरोबर पळालो; फलाटावर पळता पळता त्यांच्या हातावर पाणी घातले आणि मागून ढकलून गाडीत बसवले. एकाची गाडी चुकली नाही! असा वाढपी मुंबईतसुद्धा सापडायचा नाही, हे मी स्वतः म्हणतो, कारण दुसरे कोणी म्हणत नाही. कृपालोभ असावा.

ता. क. परत येऊन पाहतो तो खुंटीवर एक पगडी. त्या आजोबांचीच, बोडक्याने गेले बिचारे. झटकताना आतून कागद पडला. मामा, तुमचे अक्षर! माझ्या पत्रिकेचे टिपण! निफाडकर ते हेच. वरची हकीकत त्यांस वाचून दाखवू नका.

दुसरा ता. क. ते आले आहेत! बोडक्याने सोयरिकीच्या घरी कसे जावे म्हणून ठाण्यास उतरून, डोक्याला उपरणे गुंडाळून उलट्या गाडीने परत आले. टिपणातला मुलगा तो मीच, हे मी सांगून टाकले; तर पगडी खुंटीवरच राहू दे म्हणाले. त्याच पाटावर बसले आणि मिठापासून पुन्हा वाढायला लावले. आता गाडी नाही, सावकाश वाढ, एवढेच बोलले. पाचव्या लाडवाला मान वर करून म्हणाले, आमची मुलगीही अशीच सावकाश जेवते, चालेल काय? मी म्हटले, माझ्या घरावरून गाडी जात नाही. तेव्हा हसले हो, मामा! आता म्हणतात, मामांना बोलाव, पान संपले की त्यांच्यासमोरच शब्द देतो.

म्हणून हे पत्र टपालात न टाकता ठाण्यास निघालेल्या दौलत हमालाच्या हाती देतो. मामींसह मिळेल त्या गाडीने निघा. लाडू पुष्कळ आहेत. तुम्ही दारात दिसेपर्यंत मी ताक वाढत नाही.