मातीच्या घंटा आणि कुरुदचे घर

मी, सुशीला नरहरी वाघाडे, वय एकसष्ट, राहणार कुरुद, भिलाई, जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतः डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, डोके सरळ आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. गोड बोलणारे माझ्याकडे आता कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही. माझे पती नरहरी कारखान्यात क्लार्क होते, ते दहा वर्षांपूर्वी वारले.

१. कुरुदचे राहते घर, मागचे अंगण आणि त्यातली भट्टी माझ्या नावावर आहे. ते मी नाताळच्या मातीकामातून घेतले. त्यात पतीचा किंवा सासरचा पैसा नाही, म्हणून सासरच्या कोणाचा हक्क पोचत नाही. हे सर्व मी चंपा टिकाराम साहू हिला देते. ती माझी नात्याची कोणी नाही. तिला का, ते लिहिणे भाग आहे.

आम्ही दोन्हीकडचे कुंभार, भंडाऱ्याकडचे. कारखान्याच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले तेव्हा नरहरींनी बजावले की इथे जात सांगायची नाही. मी पुष्कळ वर्षे सांगितली नाही. १९७४ साली शेजारच्या नर्स एलियम्मा सिस्टरचे नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे फुटले. तिचा उतरलेला चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेले, "मातीचे चालतील का?" मी उतई गावच्या तळ्याची माती मागवली आणि घंटा, तारे, पंखवाले देवदूत केले. तिच्या चर्चच्या बायकांनी पाहिले आणि सगळ्यांनाच हवे झाले. हात मातीत गेल्यावर मला कळले की इतकी वर्षे मी उपाशी होते.

माझा दीर शामसुंदर तेव्हा कारखान्यात चार्जमन होता आणि आमच्याचकडे राहत होता. त्याला दुर्गच्या एका साहेबाची मुलगी सांगून आली होती. साहेबाला त्याने सांगितले होते की आमची गावाकडे मोठी शेती आहे. नाताळच्या तोंडावर एके सकाळी तो ड्युटीवरून आला. व्हरांड्यात माझे काम वाळत होते.

"वहिनी, हे उचला. पाहुणे येऊन राहिले."

"भाऊजी, रंग ओला आहे. जरा दम धरा, मागे नेते."

"कुंभारवाडा करून ठेवला घराचा! तुमाले लाज नाही वाटत?"

त्याच्या पायात कारखान्याचे लोखंडी टोपीचे बूट होते. त्याने एकेक ओळ तुडवत नेली. गव्हाणीतले मातीचे बाळ शेवटी होते, त्यावर मी उजवा हात ठेवला. हात त्याला दिसत होता. तो थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि मग पाय ठेवला. तीन बोटे गेली.

नरहरी दारात उभे होते. म्हणाले, "जाऊ दे न सुशीला, त्याचं लगन जुळून राहिलं." डॉक्टरला त्यांनी हातावर पाटा पडल्याचे सांगितले. तेही डॉक्टरकडे संध्याकाळी नेले. दुपारी मी पदराखाली हात गुंडाळून पाहुण्यांना चहा दिला. मुलीच्या वडिलांनी चहाची तारीफ केली. लग्न ठरले.

माती आणून देणारी चंपा दुसऱ्या दिवशी आली. तिने माझा हात पाहिला. "तैं बता दीदी, मैं बनाहूं," म्हणाली आणि बसली. तेव्हापासून घडवते ती, सांगते मी. रागाच्या भरात मी तिच्या अंगावर ओला गोळा फेकून मारलेला आहे. तिने तो उचलून त्याचा तारा केला. घर तिला का, हे आता कोणी विचारू नये.

२. नरहरींचा फोटो माझ्या फोटोशेजारी लावू नये. तो शामसुंदरला द्यावा. दोघांचे जन्मभर जमले.

३. दोन वर्षांपूर्वी शामसुंदरला लकवा झाला. नोकरी गेली, क्वार्टर सोडावे लागले. मी त्याला आणि त्याची बायको कमलिनी हिला इथे आणले. लोक मला देवमाणूस म्हणतात. त्यांनी ऐकून ठेवावे. मला तो रोज डोळ्यांसमोर हवा होता, माझ्या ताटातले खाताना. त्याच्या लकव्यात कोणी देवाचा न्याय शोधू नये. लकवा कोणालाही होतो. माझा न्याय मी इथे लिहिते.

माझ्या मागे त्याला समोरची खोली वापरता येईल, एका अटीवर. दर डिसेंबरात त्याने अंगणाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसावे, मांडीवर घंटांची टोपली घ्यावी आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावे, "आम्ही कुंभार. हे आमच्या घरचं काम." ज्या वर्षी तो बसणार नाही, त्या वर्षी चंपाने त्याचे सामान रस्त्यावर ठेवावे. चंपा मऊ आहे, म्हणून हे काम तिच्या नवऱ्याने करावे.

कमलिनीचा यात दोष नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती त्याच्याबरोबर जाईल.

४. वरचे कलम मी काल लिहिले. आज कमलिनीने ते वाचले आणि माझ्यापाशी येऊन बसली.

"बाई, हे काढून टाका. माणसाले उठता येत नाही, त्याले फाटकावर कावून बसवता?"

मी तिला सांगितले. ज्या दिवशी तिचे लग्न ठरले त्या दिवशी काय झाले होते, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितले. ती उठून आत गेली. मधले दार उघडे होते.

"बाईचा हात तुमी तोडला का?"

मग त्याची जड जीभ हलली. "हौ. मंग? नाही तं तू नसती भेटली."

कमलिनी बाहेर आली. तिने भाजी निवडायला घेतली, ती पूर्ण निवडली, आणि मग म्हणाली, "बाई, माझं नाव वेगळं लिहा."

म्हणून कलम तीन मी असे बदलते. समोरची खोली कमलिनीला तिच्या हयातीपर्यंत, कोणत्याही अटीशिवाय. शामसुंदरने त्या खोलीत राहायचे की नाही, हे माझ्या मागे कमलिनी ठरवील, आणि चंपाने तिच्या शब्दाबाहेर जाऊ नये. कागदावर स्पष्ट असावे म्हणून मी तिला आताच विचारले, काय ठरवशील.

ती म्हणाली, "आधी डिसेंबर येऊ द्या."

यापुढे लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. खालील दोघांना हा मजकूर वाचून दाखवला, एलियम्माला हिंदीत समजावून सांगितला आणि त्यांच्यादेखत सही केली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे कळले, म्हणून एलियम्माला काही ठेवलेले नाही. तिने त्यावर "चुपचाप साइन करो" एवढेच म्हटले.

सही: सुशीला नरहरी वाघाडे

साक्षीदार:
१. एलियम्मा वर्गीस, निवृत्त नर्स, भिलाई
२. देवानंद रामटेके, रेल्वे कर्मचारी, कुरुद

स्थळ: कुरुद, भिलाई
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९३