आठ आठवड्यांचा गहू

शिरूर (घोडनदी),
ता. ४ ऑक्टोबर १९६४

प्रिय हौसराव,

हे पत्र तुमच्या बाजूच्या एस.टी.चा कंडक्टर मल्हारी याच्या हाती देत आहे. पोस्टाने पाठवले असते तर मधल्या दोन दिवसांत ते परत मागवण्याची बुद्धी मला झाली असती. वाचताना पुतळाबाई वहिनींना जवळ बसव आणि मोठ्याने वाच. शाळेत अवघड ओळी गाळून पुढे जाण्याची तुझी खोड होती. येथे ती चालणार नाही.

ऑगस्टमध्ये मी निमोण्याला आलो तो तुझ्या ओसरीवर चढलो नाही. अंगणात उभा राहून मुंबईच्या इस्पितळाचा कागद हलवत वहिनींना म्हणालो, की माझ्या नातीच्या आतड्यात काहीही दोष नाही, गव्हाचे नाव उगाच बदनाम झाले, आणि यापुढे दबोरावर अडाणी वैद्यकी नको. तिच्यासाठी त्यांनी दळून ठेवलेले बाजरीचे पीठ मी घेतले नाही. तू म्हणालास, "मास्तर, आधी पानी घे, मंग भांडू." मी पाणीही घेतले नाही. तो कागद खरा होता. तो कसा मिळवला गेला, ते मात्र माझ्याखेरीज कोणास ठाऊक नव्हते.

तुझ्याविषयीचे माझे वैषम्य जुने आहे. मिशन शाळेत माझा पहिला क्रमांक असे आणि मुले तुझ्याभोवती जमत. ते मी सोसले. पण माझी पत्नी दयाबाई वारल्यानंतर माझ्या घरात दबोराखेरीज कोणी उरले नाही. माझी मुलगी ग्लॅडिस वारली तेव्हा तिची ही पोर अकरा महिन्यांची. जावयाने दुसरा संसार मांडला. तिचे आईबाप, शिक्षक आणि आजोबा मीच होतो. आणि हीच मुलगी दर मे महिन्यात तुझ्याकडे सुट्टीला गेली, की सहा आठवड्यांत फुगलेले पोट उतरवून, गालांवर मांस आणि जिभेवर 'व्हय-न्हाई' घेऊन परत येई. येथे आली की जूनअखेर पुन्हा जुलाब, पुन्हा काटकुळे दंड, आणि रात्रंदिवस एकच विचारणे, "आजोबा, निमोण्याला कधी जायचं?" आडतीच्या काट्यावर मी तिला दर महिन्याला तोलत असे. तुझ्या घरी वाढलेले वजन माझ्या घरी उतरताना पाहून मला वाटे, की वहिनी तिला काहीतरी चारून माझ्यापासून फितवीत आहेत.

आणि मी तिला काय चारीत होतो? उत्तमोत्तम! ज्वारीच्या पातळ आंबिलीवर मिशनच्या वसतिगृहात वाढलेला मी. नोकरी लागली त्या दिवशी ठरवले होते, की माझ्या घरी गहूच शिजेल. सकाळी दुधात पाव, दुपारी चपाती, नाताळात करंज्या. पोर खंगली की मी चपातीवर तूप वाढवीत असे. तुझ्याकडे येतानाही माझा पावाचा डबा बरोबर असे. तुझ्या घरी मला कधी वेगळे ताट मिळाले नाही, तरी इतक्या वर्षांत वहिनींच्या हातची भाकरी मी एकदाही खाल्ली नाही. पोटाला सोसत नाही, असे सांगत आलो. ते असत्य होते.

तीन वर्षांपूर्वी वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, पोरीला गहू सोसत न्हाई. म्या दोनदा चपाती दिऊन बगितली, दोन्ही बारीला प्वाट गेलं." त्या वाक्यातल्या चुका मी मनातल्या मनात सुधारल्या आणि त्यातले सत्य तेवढे टाकून दिले. नंतर जंतांची औषधे झाली, यकृताची झाली. गेल्या मार्चमध्ये पुण्याच्या एका तरुण डॉक्टरांनी, ती कोठे आजारी पडते आणि कोठे बरी होते हे ऐकून, एकदम विचारले, "निमोण्याला ती काय खाते?" मी म्हणालो, बाजरीची भाकरी. त्यांनी सांगितले, की काही मुलांच्या आतड्याचे अस्तर गव्हातल्या चिकट द्रव्याने झिजते. त्या विकाराला सीलिअॅक म्हणतात. औषध नाही, गहू आणि सातू जन्मभर वर्ज्य. तथापि एवढे मोठे पथ्य अंदाजावर लादता येत नाही, कारण अशीच लक्षणे दुसऱ्या रोगांतही दिसतात आणि त्यांचे उपचार निराळे. म्हणून मुंबईस न्यायचे. तेथे बारीक नळीच्या टोकाला बसवलेली धातूची लहानशी कुपी मुलाला गिळायला देतात. ती आतड्यात पोहोचली की अस्तराचा तिळाएवढा तुकडा घेऊन परत येते. निघताना त्यांनी मला दोनदा बजावले: तोपर्यंत गहू रोज चालू ठेवा. बंद केलात तर अस्तर सुधारू लागेल, आणि तपासणीत काहीच सापडणार नाही.

मी काय केले ते आता ऐक. मे महिन्यात तिला तुझ्याकडे पाठवले नाही, आणि त्याच आठवड्यात घरातला गहू बंद केला. गहू दोषी असेल तर तो माझ्या घरी, माझ्या हाताने दूर व्हावा. तिचे गाल शिरूरमध्ये भरावेत. एकदा तरी तिने निमोण्याचे नाव काढू नये, एवढीच माझी वासना होती. डॉक्टरांची अट मला फाजील सावधगिरी वाटली, किंवा तशी ती वाटून घेतली. गिरणीत बाजरी गव्हाच्या पाठोपाठ दळतात, म्हणून दयाबाईंचे जाते माळ्यावरून उतरवले आणि पहाटे दार लावून, अडुसष्टाव्या वर्षी, दळायला बसलो. भाकरी थापण्याचे शास्त्र मला साधले नाही. प्रत्येक भाकरीला कोपरे येत. दबोरा हसून म्हणे, "आजोबा, हा कुठला तालुका?" आणि खाई. नऊ आठवड्यांत ती दोन किलोंनी वाढली. आडतीवर काटा झुकला तेव्हा मला जो आनंद झाला, तो तिच्यासाठी किती आणि तुमच्या विरुद्ध किती, हे मी ठरवू शकलो नाही.

जुलैत मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले, "गहू रोज देता ना?" मी म्हणालो, "होय, रोज." चाळीस वर्षे मुलांना खोटे बोलल्याबद्दल छड्या मारलेल्या माणसाचे हे उत्तर. दबोरा शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि माझी अब्रू राखली. अस्तर जवळजवळ निर्दोष निघाले. तोच कागद घेऊन मी तुझ्या अंगणात आलो, आणि तो खरा ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवसापासून तिला पुन्हा चपाती सुरू केली.

सप्टेंबरात तिला शाळेतून उचलून आणावे लागले. गेल्या सोमवारी मी पुण्यास जाऊन डॉक्टरांना सर्व सांगितले. ते तिशीचे असतील. त्यांनी मला विद्यार्थ्यासारखे उभे ठेवून बोलून घेतले, आणि ते योग्यच होते. पुन्हा तपासणी करायची, खरी. ती नोव्हेंबरअखेर. तोवर आणखी आठ आठवडे रोज दोन लहान चपात्या तिच्या पोटात गेल्याच पाहिजेत. दर आठवड्यास तिला पुण्यास दाखवायचे. फार खालावली तर ते थांबवतील. दबोराला मी सारे समजावून सांगितले, माझ्या खोटेपणासह. ती ताटावर बसून विचारते, "आता किती दिवस राहिले?" आणि घास गिळते. काल म्हणाली, "पुतळाआजीला सांगू नका, ती रडंल." मी तिचे 'रडंल' सुधारले नाही.

आता पत्राचे कारण. प्रथम माझ्या मनात आले, की ही आठ आठवड्यांची शिक्षा तिला तुझ्या घरी भोगू द्यावी. म्हणजे पोटात कळ आली की तिला पुतळाआजीचा हात आठवेल, माझा नव्हे. हा विचार मी एक पूर्ण दिवस बाळगला, हे तुला कळावे. मत्सर गेला असे लिहीन तर पुन्हा असत्य लिहीन. पण तो गहू तिला मीच चारणार आहे. वाईट दिवस माझ्या घरचे असू देत. तुम्ही दोघांनी तोवर येऊ नये. मल्हारीबरोबर भाकरी पाठवू नये. ती वहिनींना निरोप धाडील तरी पाठवू नये. एक भाकरीही दया म्हणून देऊ नका, कारण तिच्या वाट्याची चपाती तेवढी राहील. तपासणी झाली की शुक्रवार, ता. २७ नोव्हेंबरला आम्ही मुंबईहून मेलने येऊन दौंडला उतरू. तेथून ती शिरूरला येणार नाही, तुमच्याबरोबर निमोण्याला जाईल. शाळेचे मी बोललो आहे. शेवया, रवा, बिस्किटे वर्ज्य. हिंगातही कणीक मिसळतात, तोही नको. बाजरी वहिनींच्या जात्यावरचीच. मी रविवारी प्रार्थना आटोपून येत जाईन, तुमची हरकत नसेल तर. सत्तावीस तारखेस वहिनींनी दौंडच्या फलाटावर भाकरी घेऊन उभे राहावे, एवढी विनंती. तिचा पहिला घास त्यांच्या हातचा व्हावा. भाकऱ्या दोन आणाव्यात. डबा मी आणणार नाही.

अद्यापही तुझ्यावर जळणारा, तरी तुझाच,
येशुदास