बुद्धाच्या वस्त्राची कड

आप्पा, निपाणीकडच्या त्या गावाबाहेर, तळ्याच्या काठावर तुम्ही मला दाखवलेला बुद्ध आता सोनेरी झाला आहे. ऑइलपेंटचा सोनेरी. ओठ लाल, वस्त्र भगवं, झिजलेल्या नाकावर सिमेंटचं नवं नाक. रविवारी ते बघून आले, आणि अजून जेवायला बसलं की रंगाचा वास येतो, घास फिरतो तोंडात.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, पण घराणं शहापूरचं, मागावर साड्या विणणारं, त्यामुळे मूर्तीकडे बघतानाही तुमची नजर आधी कापडावर जायची. मी तेव्हा नववीत असेन. बसमधून उतरून आपण उसाच्या बांधावरून चाललो आहोत, तुम्ही पुढे, मी मागे. मूर्तीपाशी तुम्ही चपला काढून बसता आणि सांगायला लागता. गांधाराकडचा दगड करडा, तिथं जाड वस्त्राच्या खोल चुण्या कोरल्या. मथुरेचा तांबडा, ठिपक्यांचा, तिथलं वस्त्र इतकं तलम की खालचं अंगच दिसावं. मग माझा हात धरून मूर्तीच्या छातीवर ठेवता. "आपला काळा दगड लई टणक. कारागीर चुण्या घालत बसला न्हाय, नुसती कड दावली. बोटाला लागती बघ." डाव्या खांद्यावरून उजव्या काखेकडे गेलेली ती बारीक रेघ खरंच बोटाला लागली, साडीच्या काठासारखी. मी नखानं खरवडून बघितली तशी तुम्ही माझा हात झटकलात. इतक्या पावसाळ्यांनी जे केलं नाही ते तू करू नको, म्हणालात.

रविवारी रंगवलेल्या मूर्तीच्या सोहळ्याला गावानं मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण ही मूर्ती बुद्धाची, हे गावाला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. मांडवात तुमचा फोटो, त्याला हार. मूर्तीचं काम करणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष तुमचाच जुना विद्यार्थी. दगड खरबरीत होता, रंग धरत नव्हता, म्हणून आधी मशीन मारून घासून घेतला, असं तो कौतुकानं सांगत होता. मी पुढे होऊन छातीवर हात ठेवला. कड नव्हती. सगळं गुळगुळीत, आणि ओला रंग बोटांना चिकटला. वर बघितलं तर मिटत आलेले ते डोळे टक्क उघडे, काळ्या बाहुल्या काढलेले. डोळे का उघडले, मी विचारलं.

"लोक म्हणायचे देव झोपलाय, आक्का. म्हणून जागा केला."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शिव्या घालाव्यात असा माणूससुद्धा समोर नव्हता. तुमचा फोटो इथं नको, एवढंच म्हणाले. तो स्वतः स्टुलावर चढला, हार काढला, फोटो पुसून माझ्या हातात दिला.

"काय चुकलं आक्का?"

"कड गेली," मी म्हणाले. त्यानं मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला काही कळलं नाही. परतीच्या बसमध्ये मी बोटं पदराला पुसत राहिले, पण ते सोनेरी निघालं नाही, घरी येऊन रॉकेल लावावं लागलं.

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली. बरं झालं गेलात, असं मला रविवारी पहिल्यांदा वाटलं. हे तुमच्या तोंडावर बोलले नसते, आणि लिहिलेलंही आता परत वाचवत नाही. कागदाची घडी घालते.