चौदा वेळा ‘नाही’

कोल्हापूर,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

ती. नंदिनीआत्यास,
श्यामलाचा शि. सा. नमस्कार.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. साखरपुड्याला नृसिंह फारसे बोलले नाहीत, कारण आदल्या दिवशी ऊस खाताना त्यांची जीभ चावली गेली, असं मी तुला लिहिलं होतं. वर, फौंड्रीवाल्यांना लोखंड वितळवता येतं पण ऊस खाता येत नाही, अशी थट्टाही केली होती. त्यातलं जीभ चावली गेली एवढंच खरं आहे. ऊस कुणी खाल्ला नव्हता. विमलाकाकू, म्हणजे त्यांच्या आई, म्हणाल्या ते मी पाहिल्यासारखं लिहून टाकलं. चार वर्षं रोज शाळेत जायच्या आधी तू मला तुझ्यासमोर पाटावर बसवून शिकवलंस. पाहिलेलं एका ओळीत आणि ऐकलेलं दुसऱ्या ओळीत लिहायचं, हा तुझा पहिलाच नियम. तो मी मोडला.

तुझा गुडघा कसा आहे? तिथे थंडी कमी झाली का? आईने तुझ्यासाठी चटणी कुटून ठेवली आहे. गडहिंग्लजला जाणारं कुणी ओळखीचं भेटलं की पाठवते म्हणाली. दादांनी पत्रिका छापायला दिल्या.

ते बेट नेमकं कुठे आहे, असं तू विचारलं होतंस. मॉरिशस. आफ्रिकेच्या बाजूला, समुद्रात. ज्वालामुखीतून वर आलेलं आहे, म्हणून किनाऱ्यावरचे दगड काळे. नृसिंहांचा आतेभाऊ त्र्यंबक तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. तो महिनाभराच्या रजेवर आला आहे आणि लग्नानंतर आम्ही दोघांनी जूनमध्ये तिथे जायचं, ही त्याचीच कल्पना. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरवतात. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. त्र्यंबकने रंगीत पुस्तिका आणली आहे. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी त्यासाठीच शाहूपुरीला त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, “आगीचा डोंगर बघायचा आणि मग पाण्यात बुडायचं. हे कसलं गं फिरणं? आम्ही आपले महाबळेश्वरला गेलो होतो.”

त्र्यंबक म्हणाला, “मामी, तिथंही ऊसच आहे. आपलं कोल्हापूरच समजा. फक्त पंचगंगेच्या जागी समुद्र.”

त्याने सरावासाठी तोंडात धरायची रबरी नळी आणली होती. ती आधी त्याने तोंडात धरून दाखवली, मग नृसिंहांनी धरली, आणि मग मला म्हणाले, “चाव, घाबरू नकोस.” रबरावर दोघांची थुंकी चमकत होती. बाकी सगळे हसत बघत होते. मी ती दातांत धरली. सायकलच्या ट्यूबचा वास, वर कोमट ओलेपणा. मोरीत जाऊन तीनदा चूळ भरली तरी ती चव गेली नाही. पाण्याखाली एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली नळी त्याला द्यायची असते, असं पुस्तिकेत लिहिलं आहे. तिथे म्हणे कुणी उष्टं मानत नाही.

नंतर तिथल्या शिकवणाऱ्यांचा फॉर्म भरला आणि साडेसहाला घरी आले.

हे मी फार भरभर लिहिलं. पुन्हा लिहिते.

चूळ भरून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तिथे बायडाबाई भाकरी थापत होती. ती त्या घरात वीस वर्षं आहे. बाहेरचा हशा ऐकून म्हणाली, “काय चाललंय ओ ताईसाब? कुटं निघालाय समदी?”

मी सांगितलं, समुद्राखाली उतरायचं आहे, नृसिंहांनी आणि मी.

तिचा हात थांबला. “पान्यात? धाकल्या मालकास्नी? आन् पान्यात दातखीळ बसली म्हंजे?”

“कसली दातखीळ?”

तिने जीभ चावली. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “तुमास्नी कुनी सांगितलं न्हाय व्हय? फिट येती की. साखरपुड्याच्या आदल्या दिशी किती मोटी आलती. तोंडातनं रगात. म्या कांदा फोडून नाकाला लावला, बाईसाबांनी चप्पल हुंगवली. तवा कुटं डोळं उगाडलं.”

“त्यांना माहीत आहे?”

“त्यास्नी काय ठावं असनार? उठल्यावर इचारत्यात, काय झालं? बाईसाब म्हनत्यात, पित्त. गोळ्या बी पित्ताच्याच म्हनून देत्यात.”

तेवढ्यात काकू आत आल्या. आमची तोंडं बघून त्यांना कळलं. बायडाबाईला त्यांनी परसात पिटाळलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा हात मऊ होता, आंबेहळदीचा वास येत होता. “वर्षातून दोनदा-तीनदा, जास्त नाही. तू आहेस की जवळ. तुला पोहता येतं, हे ऐकून तर आम्ही होकार दिला.”

आत्या, बघायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, पोहता येतं का? स्वयंपाक, गाणं काही नाही, पोहणं. मी किती फुशारून तुला लिहिलं होतं की ही माणसं पुढारलेली आहेत! त्यांना सून नको होती, काठावर उभं राहणारं माणूस हवं होतं.

मी काकूंना फॉर्ममधला सहावा प्रश्न सांगितला. कधी फिट येते का, असा आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की येत असेल तर पाण्याखाली जाऊ नये, नळी तोंडातून सुटली की माणूस बुडतो, वर आणेपर्यंत वेळ उरत नाही. हे सगळं मी त्यांना मराठीत सांगितलं. काहीही गाळलं नाही.

त्या म्हणाल्या, “एकदाच उतरायचंय ना? पाच मिनिटं. त्या दिवशी गोळी दुप्पट देऊ. त्र्यंबकला कळलं तर महिन्यात सगळ्या शाहूपुरीत होईल. नाही लिही.”

मी बाहेर आले, तेव्हा त्र्यंबक म्हणत होता, “तिथं कुणी डॉक्टर बसलेला नसतो वहिनी. हा कागद हाच डॉक्टर.”

आणि मी लिहिलं.

नृसिंह शेजारी बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. दमा, कान, हृदय. सहावा वाचून ते हसले आणि म्हणाले, “हे म्हाताऱ्यांसाठी असेल.” मी ‘नाही’ लिहिलं. चौदा प्रश्न, चौदा वेळा ‘नाही’, तू गिरवून घेतलेल्या त्याच वळणदार इंग्रजी अक्षरात. त्यांनी खाली सही केली आणि म्हणाले, “काय सुंदर अक्षर आहे गं तुझं.”

त्यांच्या दुखण्याची मला किळस नाही, असं लिहायला निघाले होते. पण पूर्ण खरं सांगायचं तर रविवारी संध्याकाळभर होती. आधी वाटलं, रबराचीच. मग तो कांदा, ती चप्पल, रक्ताने माखलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि मी ताटावरून उठले. त्याची मला लाज वाटते. आता जी किळस आहे ती त्या मऊ हाताची आहे, ‘पित्त’ या शब्दाची आहे, आणि माझ्या अक्षराची आहे.

काल सकाळी दादांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “लग्नानंतर कमी होतं म्हणतात. गणपतरावांच्या मुलाचं झालं तसं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“चांगलं घर आहे श्यामला. नंदिनीही नको म्हणाली नाही.”

म्हणून हे पत्र तुला. तुला माहीत होतं का, असं मी विचारत नाही. तू उत्तर खरं देशील, आणि ते वाचण्याचं बळ मला आत्ता नाही.

मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे की नाही, हे मला माहीत नाही. ते वाईट नाहीत. पुस्तिकेतल्या माशांची नावं त्यांनी पाठ केली आहेत, लहान मुलासारखी. पण ज्याला स्वतःबद्दल सगळ्यांपेक्षा कमी माहीत आहे, त्याच्याबरोबर मी समुद्रात उतरू शकत नाही आणि मांडवातही उभी राहू शकत नाही.

त्र्यंबक शनिवारी सकाळी मुंबईला निघतो, तिथून विमान. फॉर्म तो सोबत नेणार आहे. तोपर्यंत फॉर्म नृसिंहांच्या टेबलावर आहे. शुक्रवारी चारला काकू अंबाबाईला जातात, साडेपाचपर्यंत येत नाहीत. त्या वेळात मी जाणार आहे. नृसिंहांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. बायडाबाईचं नाव घेणार नाही. काकू स्वतः माझ्याशी जे बोलल्या तेवढंच पुरेसं आहे. मग सहाव्या प्रश्नापुढचं माझं ‘नाही’ त्यांच्यादेखत खोडणार आहे. त्यापुढे काय लिहायचं ते त्यांनी लिहावं. लग्नाचंही त्यांनी ऐकल्यावरच बोलू.

मला भीती वाटते. दादांना अजून सांगितलेलं नाही. पत्र तुला गुरुवारी मिळेल. मला थांबवायला यायचं असेल तर येऊ नकोस. शेजारी बसायला यायचं असेल तर सकाळची पहिली एस.टी. घे.

तुझ्याच पाटावर लिहायला शिकलेली,
श्यामला

ता. क. शुक्रवार म्हणजे १५ फेब्रुवारी, दुपारी चार.