राजाच्या गालावरची खूण

४ जून, सकाळी
आजपासून काळजी बंद. चार वर्षं चष्म्याच्या दुकानात दुसऱ्यांच्या काचा पुसल्या, आता डोळे तपासायला शिकणार. कोर्सला नंबर लागला. फी तीस जूनच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्यासाठी आत्याने तिची चांदीची जुनी नाणी दिली. डबा हातात ठेवून म्हणाली, घे, तशीही तुझ्याच हातची आहेत. किती प्रेमाने बोलते.

नाणी मोजली. साठ. मोजता मोजता यादीत खुणा केल्या. ही आत्याचीच शिकवण. आठव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेलेच नाही, घरी तीच माझी शाळा. मोजलं की खूण करायची, म्हणजे तेच दोनदा मोजलं जात नाही. मी तीनदा मोजली, पण ते समाधानासाठी.

६ जून
जुनी नाणी विकत घेणाऱ्या नाणेवाल्यांकडे गेले. अरुंद दुकान, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग. त्यांनी पहिलं नाणं पाहिलं, दुसरं, पंधरावं. मग विचारलं, हे कुणी केलं? प्रत्येक राजाच्या गालावर बारीक तिरकी खूण, बाई वहीत करतात तशी. काही गालांवर दोन.

म्हणाले, झिजलेलं नाणं चालतं, ते वय झालं. ओरखडा म्हणजे दुखापत. घेणारा वयाचे पैसे देतो, दुखापतीचे कापतो. किंमत पाचव्या हिश्श्यावर आली. वर म्हणाले, ज्याने केलं तो चिकाटीचा असणार, घाबरट, आणि दोनदा खात्री करणारा.

मी अगदी शांत होते. बाहेर पायरीवर अर्धा तास बसले, ते उन्हामुळे.

७ जून
गुन्हेगार शोधायचा. संशयित:
काका. लहानपणी माझ्या बाहुलीचे केस कापले होते.
नाणेवाले स्वतः. भाव पाडायला.
आणखी कुणी सुचत नाही.
काका कशाचीच दोनदा खात्री करत नाही, एकदासुद्धा करत नाही. तरी यादीत वरच ठेवला.

९ जून
खुणा घालवता येतील. एका नाण्यावर प्रयोग, फक्त एका. मी उतावळी नाही. टूथपेस्ट, मऊ फडकं, वीस मिनिटं. राजा लखलखला. म्हणून आणखी चार.

१० जून
नाणेवाल्यांनी पाचही नाणी भिंगाखाली धरली. मग म्हणाले, आधी ओरखडा होता, आता साल पण काढलीत. तो काळपट थर चढायला शंभर वर्षं लागतात म्हणे. या पाचांना आता नुसत्या चांदीच्या वजनाचा भाव. मला पाणी दिलं. मी ग्लास धुऊन ठेवला. दोनदा.

१३ जून
काकाला स्पष्ट विचारायचं ठरवलं. फोन केला, तब्येत विचारली, ठेवला. मग मेसेज पाठवला: तू माझं आयुष्य ओरबाडलंस.

तासाभरात काका दारात. म्हणाला, अगं बाई, मला पट्टी घेऊनही सरळ रेघ येत नाही, साठ गालांवर एकसारखी कुठून मारू? आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तोंडावर टॉवेल धरून हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. काका यादीतून बाद. खूण केली.

१८ जून, सकाळी सव्वासात
सापडलं. डब्याच्या तळाच्या कागदाखाली, कापसात गुंडाळलेलं एकसष्टावं नाणं. राजाचा गाल स्वच्छ. दुकानातून घरी आणलेल्या भिंगाखाली पाहिलं, एकही ओरखडा नाही. आत्याने सगळ्यात भारी नाणं वेगळं जपलं होतं. फी भरल्यातच जमा. नाणेवाल्यांकडे गुरुवारी जाईन, घाई दिसायला नको.

१९ जून
नोकरीचा राजीनामा दिला. मालक म्हणाले, फी भरून मग दे की. मी म्हटलं, मी हिशेबाची पक्की आहे.

२२ जून, गुरुवार
नाणेवाल्यांनी भिंग लावलंच नाही. नाणं काचेवर टाकलं. थप्प आवाज आला. म्हणाले, खोटं आहे. खुणा असलेली आणा, ती निदान खरी आहेत.

संध्याकाळी
आत्याला विचारलं, खोटं नाणं एवढं जपून का ठेवलंस? म्हणाली, जपलं कुठे, बाजूला काढलं होतं. नाहीतर तू तेही मोजलं असतंस.

मी म्हटलं, मी कधी?

मग सांगितलं तिने. सहा वर्षांची होते. मोजायला एकसारख्या साठ वस्तू घरात दुसऱ्या नव्हत्या. मोजलं की खूण कर म्हणाली होती, ती पाटीवर. मी कंपासचं टोक घेतलं. ती बघत होती. का थांबवलं नाहीस, विचारलं. म्हणाली, रोज सदतिसावर अडून रडायचीस. त्या दिवशी पहिल्यांदा साठपर्यंत गेलीस. मध्ये बोलले असते तर परत एकापासून. काही गालांवर दोन खुणा कशा, तेही विचारलं. म्हणाली, तू पुन्हा तपासलीस ना.

एवढे दिवस गप्प का बसलीस, यावर म्हणाली, तपास तुझ्याकडे होता, म्हटलं पोचशील.

काकाला सॉरी पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

३० जून
साठही विकून फीचा पाव भागच निघत होता. नाही विकली. कोर्सच्या ऑफिसात पुढच्या वर्षी या म्हणाले. मालकांनी परत घेतलं, फार काही बोलले नाहीत.

आता मी सुधारले आहे. सकाळी नव्या फ्रेमांचं पार्सल आलं. मोजल्या. साठ. प्रत्येकीच्या काडीवर आतल्या बाजूने खूण केली, पण पेन्सिलने, आणि अगदी हलक्या हाताने. ती पुसली जाते.

मालक पुसतायत. आता भिंग मागितलंय.