बाईच्या हातची बोरं

बाबा,

आज कार्तिक शुद्ध त्रयोदशी, सकाळचे साडेसात. मी बांधावरच्या बोरीखाली बसलो आहे. काल आपल्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. ताटातली बोरं बाईनं तोडली होती. तुमच्या थोरल्या लेकीनं, जिला तुम्ही या झाडाची बंदी केली होती. हे तुम्हाला कळवायचं म्हणून शिसपेन्सिल घेऊन बसलो. चौथीपर्यंतच शिकलो, तरी प्रत्येक ओळ दोनदा तपासतो आहे. तुमच्यापुढं चूक नको.

ती विधवा होऊन माहेरी आली त्याच हिवाळ्यात बोरांवर पहिल्यांदा पांढरी भुरी आली. कोवळी बोरं पीठ चोपडल्यासारखी दिसत, मग एका अंगानं सुकून वाकडी होत, सालीला खरपुड्या धरत. तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे: बाई पदरात बोरं वेचते आहे. तुम्ही खळ्यावरून येता, दुपट्टा फांदीवर टाकता आणि म्हणता, "तुह्या हातानं झाड नासलं वो. आता बोरीले हात लावू नोको." ती पदर तिथंच झटकते आणि रिकामी घरी जाते.

तुम्ही गेलात, तुमचा शब्द राहिला. भातलावणीच्या, रोवण्याच्या दिवसांत तिला कोणी आपल्या बांधीत उतरू देईना. धानही नासेल म्हणे. मागच्या हिवाळ्यात काकाजी म्हणू लागले, तिला सासरी धाडून दे. तिथं तिला गोठ्यात निजावं लागत होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग महाशिवरात्रीला मी प्रतापगडच्या जत्रेत गेलो. एका म्हातारीच्या टोपलीत हुबेहूब आपल्यासारखी बोरं, वाकडी, खरपुडलेली. मी एकेक उलटून पाहू लागलो तशी ती खेकसली, "रूप कायले पाहून राहिला गा? सोयरीक जोडाची हाय का?" मी विचारलं, बोरं कुठली? "नदीपल्याडची." बाबा, आपली बाई जन्मात नदीपल्याड गेलेली नाही.

येताना सगळ्या वाटेनं मला छपरावरचा भोपळ्याचा वेल दिसत होता. त्याच्या पानांवर अशीच भुरी येते. आई त्यावर राख टाकायची. तिथं कोणाच्या हाताचं नाव कोणी घेत नाही. मग बोरीचंच काऊन?

वैशाखात मी बोर छाटायला घेतली. काकाजी धावत आले. "बापाचं झाड तोडून राहिला का गा?"

"तोडत नाही, छाटतो."

पुढं नवी पालवी आली तेव्हा गोंदियाच्या बाजारातून खरजेवर लावतात तो गंधक आणला आणि फडक्यातून तिच्यावर झाडला. त्यावर काकाजी हसले. "झाडाले का खरूज झाली?"

"हो, खरूजच झाली," मी म्हणालो. त्यांच्यापुढं मी पहिल्यांदाच उलट बोललो.

सगळी बोरं नीट आली असं लिहिणार नाही. पण पुष्कळ आली. काल सकाळी बाईला इथं आणलं तर ती बांधाच्या अलीकडंच थांबली. "बाबा असते तर?" म्हणाली. मी म्हणालो, "त्यांच्यापुढंच तोडायला लावली असती." तुम्ही असता तर माझी जीभ उचलली असती की नाही, ते देव जाणे. पण आता उचलली आहे. तिनं एक बोर तोडलं, तळहातावर फिरवून फिरवून पाहिलं, आणि मग पदर भरला.

लग्न लागल्यावर काकाजींनी ताटातलं एक बोर उचललं, चारी अंगांनी पाहिलं, तोंडात टाकलं. सगळं अंगण त्यांच्याकडं पाहत होतं. बी थुंकून म्हणाले, "आंबट हाय जरासं." आणि दुसरं उचललं. सासरचं नाव कोणी काढलं नाही. आता काढलं तरी ती जाणार नाही. पुढच्या वर्षी भुरी पुन्हा आली, सगळं झाड पांढरं झालं, तरी ती जाणार नाही. हे मी तुम्हाला विचारत नाही, सांगतो आहे.

हा कागद मी घरी नेऊन घडी घालून ठेवीन. दुसरं काय करणार? पण एक सांगायचं राहिलं. सगळं झाड छाटलं, फक्त तुम्ही दुपट्टा टाकायचात त्या फांदीला कोयता लावला नाही. दोनदा उगारला होता. तेवढ्या एका फांदीची बोरं अजून वाकडीच आहेत.