पोटनिवडणुकीची शाई

प्रिय धाकट्या,

तुला खासदारकीचं तिकीट मिळाल्याचं मला चहावाल्याकडून कळलं. घरच्या बातम्या हल्ली मला अशाच बाहेरून मिळतात. फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. कागदाला तसं सांगून टाळता येत नाही. आणि मला टेलरबद्दल बोलायचंय. नऊ वर्षं तुरुंगात काढून आलेल्या त्या माणसाचं एक देणं आपल्या घराकडे आहे, आणि तू अर्ज भरण्याआधी ते फिटायला हवं.

परवाच्या सभेत तू म्हणालास, आपला मतदारसंघ शांतताप्रिय आहे. माझ्या तोंडातला चहा बाहेर आला. अरे, थोरल्या साहेबांच्या पहिल्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी नदीपलीकडच्या गावांच्या मतपेट्या विहिरीत टाकल्या आणि पेट्यांमागोमाग शिपायालाही ढकललं, तो दोन्ही पाय मोडून रात्रभर तळाशी ओरडत होता. तिसऱ्या खेपेला विरोधकाची जीप पेटवली, ड्रायव्हर आत असताना. साहेब पाच वेळा निवडून आले ते काय लोकांच्या प्रेमामुळे? नदीपलीकडच्यांनी भीतीने दारं लावून घेतली होती, मतदानाला कोणी फिरकत नव्हतं. साहेब वारले आणि त्यांचा पुतण्या पोटनिवडणुकीला उभा राहिला, तेव्हा पहिल्यांदा ती दारं उघडली.

तेव्हाचं मतदान शाळेत, मी शिकवायचे त्याच वर्गात होतं. माझ्याकडे बोटाला शाई लावायचं काम. विरोधकांचा प्रतिनिधी म्हणून करवत्या बसला होता, लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करणारा. पट्टी लावून यादीतल्या एकेका नावावर खूण करायचा, शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. अकराच्या सुमारास तोंडाला फडकी बांधलेले पाच जण आत घुसले. साखळ्या होत्या, फावड्याचा दांडा होता, एकाकडे लोखंडी गज. आमचे मुख्य अधिकारी टेबलाखाली गेले. करवत्याने पेटी पोटाशी धरली आणि तिच्यावर पालथा पडला. साखळीच्या पहिल्या फटक्यात त्याचा कान फाटला. तरी सोडेना, म्हणून त्यांनी त्याची बोटं एकेक करून मागे मोडली. तरी सोडेना. मग गजवाल्याने डोक्यात दोन घाव घातले. पाटीवर खडू मोडला की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माझ्या हातात शाईची बाटली होती, तीच मी फेकली. गजवाल्याच्या उजव्या कोपरावर फुटली आणि शाई मनगटापर्यंत ओघळली. ते पेटी घेऊन पळाले. रांगेत उभा असलेला टेलर तेवढा आत धावला. रक्त आणि शाईच्या थारोळ्यात बसून त्याने करवत्याचं डोकं मांडीवर घेतलं. करवत्या तिथेच गेला.

मी पोलिसांना ऐटीत सांगितलं, ही शाई दोन-तीन आठवडे निघत नाही, हाताला शाई असेल तो खुनी. संध्याकाळी त्यांनी टेलरला उचललं. त्याचे दोन्ही तळवे काळे होते. मी धावत ठाण्यात गेले, त्याने फक्त डोकं उचललं हो, म्हणून ओरडले. फौजदार म्हणाले, "बाई, शाईचं तुम्हीच सांगितलंत ना?" आतून टेलरच्या किंकाळ्या येत होत्या. त्याचा गुडघा त्यांनी त्याच संध्याकाळी फोडला.

दुसऱ्या दिवशी मी टेलरसाठी वकिलाकडे जायला निघाले होते. तू हाताला पट्टी बांधून बसला होतास, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर भाजलं म्हणालास. औषध लावते म्हणून मी पट्टी सोडली. भाजलेलं कुठेच नव्हतं. आईने दार लावून घेतलं आणि माझे पाय धरले. आईने! तू वीस वर्षांचा होतास, तुला मी कडेवर वाढवलेलं. मी पट्टी परत बांधली, आधीपेक्षा नीट. कोर्टात मला एकच विचारलं, या माणसाच्या हातांना शाई होती का? मी हो म्हणाले. खरंच होती. पुतण्या तीनशे बारा मतांनी निवडून आला आणि तू त्याचा उजवा हात झालास.

गेल्या आठवड्यात तुझी पोस्टरं लागली. त्यांवर कोपऱ्यात करवत्याचा फोटो आहे, 'लोकशाहीसाठी प्राण देणारा'. धाकट्या, तुला लाज कशी वाटली नाही रे? मी तशीच टेलरच्या दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्याने हातातली शिवण संपेपर्यंत मशीन थांबवलं नाही. मग म्हणाला, "माझी आई मला खुनी समजून गेली, बाई." एवढंच. मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

आज सकाळी मी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. तुझं नाव सांगितलं, आणि मी काय लपवलं तेही. उद्या दुपारपर्यंत पोलीस तुझ्याकडे येतील, नंतर माझ्याकडे. हे पत्र त्यासाठीच, की मुलांच्या डोळ्यांदेखत तुला ओढत नेऊ नये. सकाळी उठ, नीट खाऊन घे, बायकोला स्वतःच्या तोंडाने सांग आणि ठाण्यात जा. आत काय लागतं ते मी टेलरलाच विचारलं. फरशी फार गार असते म्हणाला. त्याच्याकडूनच दोन जाड पांघरुणं शिवून घेतली, शिलाई त्याने चोख मागून घेतली आणि मला बरं वाटलं. एक मी ठेवलंय. दुसरं या पत्रासोबत आज रात्रीच पाठवतेय, ते खांद्यावर टाक आणि आपल्या पायांनी चालत जा.

तुझीच,
ताई